रोल धुवायला टाकण्याचे दिवस

१८६८ साली मुंबई सरकारने अंबरनाथच्या शिवमंदिराची रेखाचित्रे, साचे आणि छायाचित्रे करून घ्यायचे ठरवले. काम गेले मुंबईच्या कलाशाळेकडे, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे. आज बुवापाड्यातून रिक्षाने मंदिर गाठायला फार वेळ लागत नाही, पण त्या काळी वालधुनीच्या काठी कॅमेरा नेणे म्हणजे अख्खी प्रयोगशाळा उचलून नेणे होते. आगगाडीची तेवढी सोय होती. कल्याणहून पळसदरीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ सालीच सुरू झाला होता.

छायाचित्रणाची तेव्हाची चालती रीत ओल्या काचेची. काचेवर कलोडियन ओतायचे, अंधारात ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवून चित्र घ्यायचे आणि सुकायच्या आत काळ्या तंबूत परत आणून धुवायची. सगळा कारभार काही मिनिटांत उरकावा लागे. कोकणपट्टीच्या उकाड्यात कलोडियनमधला ईथर भराभर उडतो, काच कडेने सुकू लागते आणि चित्रावर डाग पडतात. त्यात अंबरनाथचे कोरीवकाम खोल: मूर्तीच्या कपाळावर ऊन आणि हनुवटीखाली काळोख. प्रकाशाचा अंदाज चुकला की काच पुसून पहिल्यापासून सुरुवात.

या मंदिराशी आणि कॅमेऱ्याशी, दोन्हींशी नाते असलेला एक मोठा माणूस त्या काळच्या मुंबईत होता. डॉ. भाऊ दाजी लाड. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली, देशातली पहिली, आणि भाऊ दाजी तिचे सदस्य होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतःच हौशी छायाचित्रकार. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला, त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत धंदाच थाटला. अंबरनाथच्या शिलालेखावर भाऊ दाजींनी लिहिले तेव्हा त्यांनी त्यातला शक ७८२ असा वाचला. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख तपासून ९८२ हा आकडा लावला आणि मंदिराचे वय दोनशे वर्षांनी कमी झाले. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०; शिलाहार राजा मम्वाणीचा काळ. ही दुरुस्ती शक्य झाली, कारण मूळ दगड जागेवर होता आणि दुसऱ्या माणसाला तो पुन्हा पाहता आला.

निगेटिव्हचे मोलही नेमके इथेच आहे. ती मूळ प्रत असते. शटर उघडले तेव्हा समोरून आलेला उजेड त्याच फितीवर पडलेला असतो आणि पन्नास वर्षांनी कोणीही ती खिडकीसमोर धरून पाहू शकतो. त्यासाठी ना यंत्र लागते, ना पासवर्ड. गिरगावात स्टुडिओ असलेले नारायण विनायक विरकर १९१९ साली अमृतसरला गेले आणि जालियनवाला बागेच्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा त्यांनी टिपल्या. शंभर वर्षे उलटली तरी ती छायाचित्रे साक्ष देतात. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळले तेही स्थिरचित्रण, ब्लॉक आणि छपाई यांतून हात तयार करूनच. आणि ‘राजा हरिश्चंद्र’च्या कच्च्या फिल्मला अंधारात बसून भोके पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाईंनी केले, हे मराठी माणसाने विसरू नये.

मध्यमवर्गाच्या घरात कॅमेरा आला तो मात्र बराच नंतर, आणि बहुधा आग्फा क्लिकच्या रूपाने. बडोद्याला बनणारा हा साधा डबा १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो देई. ऊन की ढग एवढेच त्याला सांगायचे. सरकारने उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला. १९६७ पासून तिथली ‘इंदू’ फिल्म बाजारात येऊ लागली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गिरण्या, कारखाने आणि निर्वासितांच्या छावण्यांबरोबर वस्ती वाढली, तसे फोटो स्टुडिओही आले. रेशनकार्ड, नोकरीचा अर्ज, मुलीला दाखवण्यासाठीचा फोटो, बाळाचे पहिले केस उतरवण्याआधीचा फोटो: माणसाच्या आयुष्यातला प्रत्येक टप्पा त्या रंगवलेल्या पडद्यासमोरच्या स्टुलावरून पार पडे.

लग्नाच्या फोटोग्राफरच्या गळ्यात तेव्हा बहुतेक वेळा दोन भिंगांचा याशिका असे. वरच्या झाकणातून काचेत पाहायचे, म्हणून फोटो काढणारा मान खाली घालून उभा. आणि काचेत डावे-उजवे उलटे दिसायचे, म्हणून नवरदेवाला ‘थोडं इकडे’ म्हणताना त्याचा स्वतःचाच क्षणभर गोंधळ व्हायचा. फोटो बारा झाले की अक्षता थांबवून रोल बदलायचा. पुढे ३५ मिलिमीटरचे कॅमेरे आले आणि छत्तीसच्या रोलमध्ये सदतीस-अडतीस फोटो बसवणारा तो खरा कसबी, असा हिशेब घराघरांत होऊ लागला. रोल पुरवून पुरवून वापरायचा. गणपतीत घातलेला रोल दिवाळीपर्यंत कॅमेऱ्यातच, मग तो धुवायला टाकायचा आणि आठवडाभर वाट पाहायची. कोणी चुकून मागचे झाकण उघडले तर ‘रोल जळाला’ आणि घरात सुतक.

हा सगळा संसार कसा उठला ते सांगायला थोडी वाक्ये पुरतात. १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला आणि जानेवारी २०१२ मध्ये त्याच कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. मधल्या काळात, २००९ साली, कोडाक्रोम ही रंगीत फिल्म बंद झाली. तिचा शेवटचा रोल कंपनीने स्टीव्ह मॅककरी यांना दिला आणि त्या छत्तीस फोटोंपैकी काही त्यांनी मुंबईत हिंदी सिनेमातल्या मंडळींचे काढले. उटीचा कारखानाही विझला. स्टुडिओतल्या काळोख्या खोल्यांमध्ये झेरॉक्स यंत्रे आली.

आणि आता उलटा प्रवाह सुरू आहे. कोडॅकने एक्टाक्रोम २०१८ साली पुन्हा बाजारात आणली. पेंटॅक्सने २०२४ च्या जूनमध्ये ‘१७’ नावाचा नवाकोरा फिल्म कॅमेरा काढला. त्यात छत्तीसच्या रोलवर बहात्तर अर्धे फोटो येतात. त्याआधी २०१८ मध्येच दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन आणि कलावंत टॅसिटा डीन मुंबईत आले होते, फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या कार्यक्रमाला, आणि फिल्म वाचवा हेच त्यांचे सांगणे होते. जन्मापासून मोबाइल पाहिलेली पोरे आता काकांचा झेनिट किंवा याशिका माळ्यावरून काढतात, फोर्टातल्या बोराबाजारात दुरुस्तीला नेतात आणि हजार रुपयांच्या घरातला रोल विकत घेतात.

याला केवळ फॅशन म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. ज्याने घरच्या मोरीत एकदा रोल धुतला, त्याला पदार्थविज्ञान आणि रसायन दोन्ही कळलेले असते. कृष्णधवल रोलच्या डेव्हलपरला साधारण २० अंश तापमान लागते आणि मे महिन्यात अंबरनाथच्या नळाचे पाणी कितीतरी गरम. म्हणून बादलीत बर्फ टाकून त्यात बाटल्या उभ्या कराव्या लागतात. रंगीत रोलची गंमत उलटी. त्याला जवळपास ३८ अंश हवेत, तेव्हा आपला उन्हाळा तिथे मदतीलाच येतो. कृष्णधवल रोलला मग डेव्हलपर, पाणी, हायपो, पुन्हा पाणी. आणि ओली फीत दोरीवर चिमट्याला टांगली की त्यात आईचा काळा चेहरा आणि पांढरे केस दिसतात, तो आनंद सगळे कष्ट वसूल करणारा असतो.

एक गोष्ट मात्र खटकते. पुष्कळ जण रोल लॅबला देतात, स्कॅन मोबाइलवर आले की खूश होतात आणि निगेटिव्ह न्यायला परत जातच नाहीत. फिल्मवर फोटो काढून निगेटिव्ह सोडून देणे म्हणजे शिलालेखाचा ठसा घेऊन दगड फोडून टाकणे. मग फोनच पुरे होता.

त्याहून मोठे नुकसान शांतपणे चालू आहे. जुने स्टुडिओ बंद होताना, इमारत पुनर्विकासाला जाताना, निगेटिव्हची खोकी भंगारात जातात. ॲसिटेटच्या जुन्या फितीला आंबूस, शिरक्यासारखा वास येऊ लागला की ती कुजायला लागली असे समजावे. पावसाळ्यात बुरशी चढते ती वेगळीच. या भागातल्या वस्त्या कशा वाढल्या, लोक काय नेसत होते, चाळीतली दारे कशी होती, याचे पुरावे त्या खोक्यांत आहेत. तेव्हा अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरच्या वाचकांना विनंती: घरातली निगेटिव्ह प्लास्टिकच्या पिशवीतून काढा, बटरपेपरात घाला, कोरड्या कपाटात ठेवा, पाकिटावर साल आणि माणसांची नावे लिहा. ओळखीचा फोटोवाला दुकान आवरत असेल तर त्याच्याकडे जाऊन खोकी मागून घ्या, आणि तुमच्या गावातल्या वाचनालयाला किंवा शाळेला ती सांभाळायला तयार करा.