नेत्रांत उमटणारा हृदयरोग

धानाच्या रोवणीच्या दिवसांत वैनगंगाकांठच्या एखाद्या घरीं मुलाचा घसा दुखला, तर तें कोणी फारसें मनावर घेत नाहीं. क्वचित् त्यामागून संधिज्वर येतो व हृदयाच्या झडपांवर व्रण ठेवून जातो. मूल मोठें होतें, धडधाकट दिसतें. पुढें केव्हांतरी, कधीं किडक्या दांताच्या वाटेनेंहि, जंतु रक्तांत शिरतात आणि त्या खडबडीत झडपेवर ठाण मांडतात. तेथें सांठलेल्या गुठळ्यांचे कण सुटून मेंदूंत, मूत्रपिंडांत आणि नेत्रांत जातात.

शरीरांतील रक्तवाहिन्या शस्त्र न लावतां पाहतां येतात, त्या नेत्राच्या दृष्टिपटलावर. १८५१ सालीं हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडितानें नेत्राच्या आंत पाहण्याचें यंत्र पुढें आणलें. १८७२ त स्वित्झर्लंडच्या मोरिट्झ रोटनें, रक्त जंतुदूषित झालेल्या रोग्यांच्या दृष्टिपटलावरील डाग वर्णिले. १८७८ त लिटेननें त्यांचा संबंध या हृदयरोगाशीं जोडला. तांबडा डाग, मध्यें पांढरा ठिपका! तो ठिपका जंतूंचाच असें पुष्कळ काळ मानीत. आज तो बहुधा गोठलेल्या रक्ताच्या तंतूंचा समजतात. असे डाग इतर रोगांतहि दिसतात, म्हणून केवळ त्यांवरून निदान करणें धाडसाचें. जंतु नेत्राच्या गाभ्यांतच वाढले, तर मात्र डोळा लाल होऊन दुखतो व दृष्टि झपाट्यानें जाते. रोगी नेत्रवैद्याकडे धांवतो. मूळ छातींत असतें.

ऑस्लरनें १८८५ त लंडनला या रोगावर व्याख्यानें दिलीं, पण उपाय कोणापाशींच नव्हता. १९११ त संगीतकार गुस्ताफ मालरच्या रक्तांत न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना जंतु सांपडले. त्याच मे महिन्यांत व्हिएन्ना येथें तो ५० व्या वर्षीं वारला. पेनिसिलिनहि आरंभीं थोड्या मात्रेनें दिल्यामुळें फसलें. १९४४ च्या सुमारास मोठ्या मात्रा कित्येक आठवडे दिल्यावर रोगी वांचूं लागले.

त्या वेळीं भंडारा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडांत होता. नागपूरचें वैद्यकीय महाविद्यालय १९४७ त निघालें, आणि पिंपरीच्या सरकारी कारखान्यांत पेनिसिलिन होऊं लागलें तें १९५५ त. औषध देशांत झालें, तरी ऐन रोवणींत पवनीच्या किंवा साकोलीच्या शेतकऱ्यानें चार-सहा आठवडे नागपुरास पडून राहणें त्या घराला रोगाइतकेंच जड. म्हणून संधिज्वर एकदां झालेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनीं, वर्षानुवर्षें, लांब टिकणाऱ्या पेनिसिलिनची सुई टोंचतात. तो ताप पुनः उलटला नाहीं, तर झडप अधिक बिघडण्याचा धोका कमी होतो.