मधल्या नावाची कुळकथा

मराठी माणसाचं नाव तीन जागी बसतं: पहिली जागा स्वतःची, दुसरी बापाची, तिसरी घराण्याची. पूर्वज शोधायला निघालेला माणूस आधी तिसऱ्या जागेकडे धावतो आणि तिथेच अडकतो. नगर जिल्ह्यात शिंदे, पवार, काळे, गायकवाड म्हटलं की हाती काही लागत नाही. निम्मं गाव त्याच आडनावाचं असतं. शिवाय एकाच घरातला एक भाऊ कागदावर वतनावरून पाटील लागतो, तर दुसरा गावावरून अमुककर. माग काढायचा तो मधल्या नावावरून. रामजी बिन बाळोजी, बाळोजी बिन मल्हारजी, असं एकेक ‘बिन’, म्हणजे ‘चा मुलगा’, धरत मागे जायचं.

पण पहिली दोन नावंही जागच्या जागी राहत नाहीत. बारशाला आत्या कानात सांगते ते नाव वेगळं, पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं. नातवाला आजोबाचं नाव ठेवायचं आणि सासऱ्याचं नाव सुनेने उच्चारायचं नाही. मग पोराला बाळू, नाना, आबा असं काहीतरी चिकटतं आणि मरेपर्यंत तेच राहतं. माणूस वाढला की नावाला शेपूट फुटतं. तरुणपणीचा धोंडू पुढे धोंडिबा होतो, पाटीलकी आली की धोंडजी. तीन नोंदी दिसल्या म्हणून तीन माणसं मोजायची नाहीत. आणि धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावं दिसली की जरा थांबावं. आधीची मुलं जगली नाहीत, म्हणून काळाची नजर पडू नये अशा हिशोबाने ठेवलेली ही नावं. त्या एका नावामागे वंशावळीत कधीच न चढलेली भावंडं असू शकतात.

शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, मोडीतले वतनाचे कागद आणि गावचा जन्म-मृत्यूचा नमुना 14, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. कुणबी नोंदींच्या निमित्ताने 2023 पासून ही दप्तरं गावोगाव पुन्हा उघडली गेली. कोतवाल बुकात पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव असतं, जात असते, आणि पुढे नुसतं मुलगा किंवा मुलगी. बारसं बाराव्या दिवशी, नोंद त्याआधी. मग नाव येणार कुठून? म्हणजे सरकारी कागदावर माणूस आधी मधल्या नावानेच जन्माला येतो.

स्वतःचं नाव गेलं तरी बापाचं टिकतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण खुद्द नगर शहराच्या पायात आहे. निजामशाहीची कथा लिहिणारा फरिश्ता लहानपणी वडिलांबरोबर नगरच्या दरबारात आला होता, म्हणजे तसा घरचाच माणूस. तो सांगतो की, या राजघराण्याचा मूळपुरुष विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मणाचा मुलगा, नाव तिमाप्पा. मराठीत त्याला तिमाभट म्हणतात. बापाचं नाव बहिरू, म्हणजे भैरव. बहमनी फौजेने पोराला पकडून नेलं, मुसलमान केलं, हसन नाव दिलं. त्याची हुशारी पाहून सुलतानाने त्याला शहाजाद्याबरोबर शिकायला बसवलं. शहाजादा त्याला बापाच्या नावावरून बहिरू म्हणायचा. त्याचं झालं ‘बहरी’. बहरी म्हणजे ससाणा, त्यामुळे दरबारात ते शोभूनही दिसलं. हसन पुढे निजाम-उल-मुल्क झाला. त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, 1490 मध्ये स्वतंत्र राज्य मांडलं आणि 1494 मध्ये शहर वसवलं. तिमाप्पा हे नाव पुसलं गेलं. बहिरू मात्र एका सुलतानी घराण्याच्या नावात पिढ्यान्‌पिढ्या बसून राहिला.

याची शेवटची गाठ तर अगदी आपल्या ओळखीची आहे. विजयनगरच्या मुलखात जाण्याआधी हे घराणं मूळचं पाथरीचं, तिथल्या कुलकर्णी वतनाचं. अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. इमादशहाने नकार दिला तेव्हा 1518 मध्ये चालून जाऊन ती घेतली. फरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती त्याने तिथल्या आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना दिली. धर्म बदलला, भाषा बदलली, तख्त मिळालं, आणि तरी वतनाची आठवण सुटली नाही! नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही भाऊबंदकीच्या दाव्यात हा बुऱ्हाण खपून जाईल.

मलिक अंबरची गोष्ट याच्या उलट. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा. इतिहासकार त्याचं जन्मनाव चापू असं देतात. अंबर हे नाव बगदादच्या मालकाने ठेवलं. इथे मधली जागाच रिकामी, कारण गुलामाला बाप लावत नाहीत. दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीज खान याने त्याला विकत घेतलं. तोही एकेकाळचा हबशी गुलाम. पुढे अंबर स्वतः निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याच्या थोरल्या मुलाला इतिहास फत्तेखान म्हणून ओळखतो, धाकट्याचं नाव चंगीज खान. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव देतात. ज्याला आजोबाचं नाव द्यायची सोय नव्हती, त्याने ते मालकाकडून घेतलं, असं मला वाटतं.

अंबरच्या गुलामीची हकिकत टिपून ठेवणाऱ्यांत एक वलंदेज होता. पीटर व्हान डेन ब्रूक हा डच व्यापारी 1617 मध्ये सुरतेकडे जहाज फुटल्यावर खुष्कीने मच्छलीपट्टणला निघाला आणि वाटेत अंबरला भेटला. या डचांना आपली नावांची रीत समजावून सांगावी लागली नसती. त्यांच्याकडेही बहुतेकांची ओळख बापावरून चाले: पीटरचा मुलगा यान तो यान पीटरझून, आणि पहिल्या मुलाला आजोबाचं नाव म्हणून त्याचा मुलगा पुन्हा पीटर यानझून. त्याच काळातला त्यांच्या कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझून कून, नाव तीन जागीच बसलेलं. नेपोलियनच्या 1811 च्या हुकमाने सगळ्यांना कायमचं आडनाव घ्यावं लागलं. अमेरिकेत गेलेल्या डचांची आणखी पंचाईत झाली. 1664 मध्ये वसाहत इंग्रजांकडे गेली आणि हळूहळू यानचा जॉन झाला, पीटरचा पीटरच पण इंग्रजी उच्चाराचा. तिकडचे वंशज आज पूर्वज शोधतात ते डच आणि इंग्रजी अशी दोन्ही रूपं आलटून पालटून लावत.

भोसल्यांच्या नावांतही नगर आहे. मालोजींनी नगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी, शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. शरीफजी 1624 मध्ये नगरजवळच भातवडीच्या लढाईत पडले, अंबरच्या बाजूने लढताना. याच कुळात पुढे संभाजीराजांच्या मुलाचं नाव रिवाजाप्रमाणे आजोबांचं, शिवाजी. तो मोगलांच्या कैदेत वाढला आणि तिथे मिळालेल्या शाहू या नावानेच बाहेर पडला. औरंगजेब 1707 मध्ये नगरशेजारच्या भिंगारला वारला, त्यानंतर काही महिन्यांत शाहूंची सुटका झाली. ताराबाईंनी हा तोतया असल्याचं म्हटलं. म्हणजे वाद पहिल्या नावाचा नव्हताच, मधल्याचा होता. परसोजी भोसले शाहूंबरोबर एका ताटात जेवले, तेव्हा लोकांनी बाप मान्य केला.

नगर म्हटलं की अमेरिकन मराठी मिशन आलंच. 1831 पासून इथे त्यांचं काम. धर्मांतर म्हणजे नामांतर अशी आपली समजूत असते. पण नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नगरला कामाला आले ते नारायण वामन टिळक म्हणूनच. पडद्यावरचा कृष्ण म्हणून घराघरात पोचलेले शाहू मोडक 1918 साली नगरच्याच ख्रिस्ती घरात जन्मले; नावावरून वर्गवारी करणारा त्यांना हमखास चुकीच्या वहीत चढवील. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका गोखले. 1880 मध्ये लग्न झालं तेव्हा पहिलं, मधलं आणि शेवटचं, तिन्ही नावं बदलली. 1900 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या तेव्हा एकही बदललं नाही. ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिण्याची ताकद बाप्तिस्म्याच्या पाण्याहून मोठी निघाली! मनकर्णिका आज आपल्याला माहीत आहे ती लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिलं म्हणून. बाकीच्या आज्या-पणज्यांचा माग सासरच्या दारातच संपतो. कुळवृत्तान्त छापणाऱ्यांनीही मुलींच्या नावापुढे ‘अमुक घराण्यात दिली’ एवढं लिहून पुढची ओळ घेतली.

2024 मध्ये मलिक अहमदच्या नावाचा जिल्हा जामखेडजवळच्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या नावाने अहिल्यानगर झाला. त्याच वर्षी राज्य सरकारने ठरवलं की, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लागेल. मधली जागा आता दोघांची. मात्र आईचं जे नाव तिथे चढतं ते तिच्या आताच्या कागदांवरचं. लग्नात ते बदललं असेल, तर माहेरचं शोधायला पुन्हा मामाच्या गावचं जन्मनोंदींचं दप्तरच काढावं लागणार, आणि त्यात लिहिलेलं असू शकतं नुसतं ‘मुलगी’.