हरायचा तेव्हाही विदर्भ आपलाच होता

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. तिकडं मुंबईनं १९५८-५९ ते १९७२-७३ सलग १५ वेळा चषक नेला. क्लब, मैदानं, कंपन्यांच्या नोकऱ्या, सगळं त्यांच्याकडं. आपण पेपरात कोपऱ्यातला स्कोअर शोधायचो, अन् विदर्भ हरला की गप्प बसायचो. पण संघ काही बदलला नाही.

शेवटी १ जानेवारी २०१८ ला इंदूरला फैज फजलच्या पोरांनी दिल्लीला हरवलं. गुरबानीची हॅटट्रिक! पुढं २०१८-१९ अन् २०२४-२५ लाही चषक आपलाच. त्या वर्षी उपांत्य फेरीत तर मुंबईलाच घरी पाठवलं.

आता एकच म्हणणं. तेव्हा विदर्भाला मुंबई जेवढी लांब होती, तेवढंच आज फुलसावंगीच्या पोराला नागपूर लांब आहे. ते अंतर कोण कमी करणार?