देवाला वर्ज्य, बाळंतिणीला हक्काची : लसणीची कुळकथा

कर्जत तालुक्यातल्या कडावला सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. गणपतीला दाखवायच्या नैवेद्यात कांदा-लसूण नसते; चातुर्मासात तर कित्येक घरं ती चार महिने दूर ठेवतात. पण लेक बाळंतपणाला माहेरी आली की शेपूच्या भाजीला लसणीची फोडणी बसते आणि बाळाच्या धुरीत ओव्याबरोबर लसणीची सालं पडतात. देवाला वर्ज्य आणि बाळंतिणीला हक्काची, या दोन्ही चालींचे धागे अमृताच्या दोन जुन्या कथांत सापडतात.

लसणीचं माहेर मध्य आशियातलं. आपण लावतो त्या लसणीला बी धरत नाही, पाकळी लावूनच रोप येतं. त्यामुळे वारा किंवा पाखरं तिला कुठे नेऊ शकत नाहीत. जिथे ती पोचली तिथे माणसाच्या हातानेच पोचली. कडावच्या शिवारात पावसाळी भात आणि मागून उरलेल्या ओलीवर वाल. लसणीला हिवाळ्याची थंडी, निचऱ्याची जमीन आणि काढणीच्या वेळी कोरडी हवा लागते. म्हणून इथल्या चुलीवरची बहुतेक लसूण घाट उतरून येते.

औषध म्हणून तिचा सविस्तर लेख सापडला तो दूर मध्य आशियातल्या कुचा इथे. 1890 साली हॅमिल्टन बॉवर या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती तिथे संस्कृत भूर्जपत्रांची पोथी लागली. ती साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली. तिच्या वैद्यकाच्या पहिल्याच भागात लसणीचा कल्प आहे. अमृत प्यायलेल्या असुराचा गळा विष्णूने कापला, तेव्हा जमिनीवर पडलेल्या थेंबांतून लसूण उगवली, अशी कथा ती सांगते. गुण अमृताचे, पण उगम असुराच्या देहातून. म्हणून ब्राह्मणांनी ती खाऊ नये. तरीही त्यांना तिचा गुण मिळावा यासाठी पोथीने वाट काढली आहे : गाईला तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवून मग गवतात लसूण मिसळून चारावी आणि तिचं दूध, दही, तूप घ्यावं.

बाळंतिणीचा धागा काश्यपसंहितेत जुळतो. बालरोग आणि स्त्रीरोगांचा हा ग्रंथ 1938 साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून छापून निघाला. त्याच्या लशुनकल्पात इंद्राणीला मूल होत नाही, इंद्र तिला अमृत पाजतो, तिला ढेकर येते आणि अस्वच्छ जागी सांडलेल्या अमृताची लसूण होते. इथे लसणीचा जन्मच अपत्यासाठी आसुसलेल्या स्त्रीपोटी आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी हा ग्रंथ वाचला नव्हता. त्यांनी जपली ती चाल.

या चालीत एक कृती फार मोलाची आहे : लसूण ठेचणं. 1944 साली अमेरिकेत कॅव्हलिटो आणि बेली यांनी लसणीतून जंतूंना रोखणारं ॲलिसिन वेगळं काढलं. पुढे स्वित्झर्लंडमध्ये स्टोल आणि सीबेक यांनी ते कसं होतं हे दाखवलं. अख्ख्या पाकळीत ॲलिसिन जवळजवळ नसतंच. तिच्या पेशींत ॲलिइन नावाचा पदार्थ आणि ॲलिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. वरवंटा पडला की कप्पे फुटतात, दोघे भेटतात आणि क्षणात ॲलिसिन तयार होतं. तो उग्र वास त्याचाच. लसूण लगेच कढत तेलात टाकली तर विकर मरतं आणि काम अर्ध्यावर राहतं. म्हणून ठेचलेली लसूण दहा मिनिटं तशीच ठेवून मग फोडणीला घालावी.

गुण किती, हेही तपासून झालं आहे. रक्तदाब वाढलेल्यांमध्ये लसणीच्या गोळ्यांनी तो थोडा उतरतो, असं चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासांत दिसलं. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत मात्र 2007 साली स्टॅनफर्डच्या सहा महिन्यांच्या चाचणीत कच्च्या लसणीनेही फरक पडला नाही. लसूण रक्त गोठणं मंदावते, म्हणून रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी औषधासारख्या मात्रेत घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. कच्च्या लसणीचा लेप कातडी भाजतो; तान्ह्या बाळाच्या अंगाला तो कधीच लावू नये. आणि धुरीचा धूर त्याच्या कोवळ्या छातीला बाधतो, ती चाल आता सोडावी.

अमृताची कथा ज्यांनी रचली, त्यांनी लसणीचं मोल ओळखलं होतं. ते मोल राखायचं तर ती रोजच्या जेवणात ठेवावी, नीट ठेचून. रक्तदाबाची गोळी मात्र तिच्या भरवशावर बंद करू नये, आणि बाळंतीण तापली तर आधी दवाखाना गाठावा.