बंपरवरची शेळी

प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या रेडिएटरचे झाकण शोधत मी चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर गेलो होतो. झाकण मिळाले नाही. एका दुकानाच्या दाराशी मात्र, पितळी कंदील आणि मोडका ग्रामोफोन यांच्या मधोमध, पाण्याची कॅनव्हासची चपटी पिशवी टांगलेली दिसली. खाकी रंग, वर दोरी, कोपऱ्यात बुचाची तोटी. लालबागला आमच्या चाळीखाली उभ्या राहणाऱ्या टॅक्सीच्या पुढच्या बंपरला अशीच पिशवी दर मे महिन्यात लटकायची, कारण टॅक्सीवाले काका तेव्हा बिऱ्हाडासकट खेडला निघालेले असायचे. "छागल आहे," दुकानदार म्हणाला. नाव ओळखीचेच होते, अर्थाचा विचार कधी केला नव्हता. घरी येऊन कोश उघडला आणि हसू फुटले. छागल म्हणजे मुळात बोकड. मटन स्ट्रीटवरून मी बोकड विकत घेऊन आलो होतो!

मोटार तहानलेलीच जन्मली. कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकीतले पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई आणि ते वरचेवर भरावे लागे. पुढे मायबाखचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर आला, पंप आला, पंखा आला. ती हकिगत कुठेही वाचायला मिळते. मुंबईत १९२८ पासून शिवडीला जनरल मोटर्सच्या गाड्यांची जोडणी होऊ लागली, नंतर कुर्ल्याला प्रीमियरने डॉज, प्लिमथ आणि फियाट आणल्या. या फियाटच्या १०८९ सीसीच्या इंजिनावर सात माणसे, दोन ट्रंका आणि टपावर वळकट्या लादल्या की कशेडी घाटाच्या अर्ध्यावर बॉनेटच्या फटीतून वाफ यायचीच.

मला बोलायचे आहे ते शब्दाबद्दल. संस्कृतात छाग, छागल म्हणजे बोकड. त्याच्या कातड्याची पाण्याची पिशवी तीही छागल. मग कातडे गेले, कॅनव्हास आला आणि नाव तसेच राहिले. इथवर वाद नाही. हिंदीत पायातल्या एका दागिन्यालाही छागल म्हणतात. त्या वाटेला मी जात नाही.

खरी मौज पुढे आहे. आपल्या 'शेळी'चे मूळही याच घराण्यात, छागली-छेली या रूपांत सांगितले जाते. प्राकृतातला 'छ' मराठीत आला की त्याचा स किंवा श होतो: छुरीची सुरी, मच्छाचा मासा, वच्छाचे वासरू. पुढे ए असेल तर श, म्हणून छेत्ताचे शेत आणि छेलीची शेळी. म्हणजे शेळी आणि छागल या सख्ख्या बहिणी. एक मराठीच्या चाळणीतून गाळून आली, दुसरी आपला छ शाबूत ठेवून. ज्या शब्दाचा छ टिकला तो आपल्या अंगणात वाढलेला नव्हे. माझे म्हणणे असे, की छागल उत्तरेकडून आली, भिश्त्यांच्या आणि पलटणींच्या खांद्यावरून.

गिरगावातले माझे एक स्नेही, संस्कृतचे निवृत्त मास्तर, हे मान्य करत नाहीत. छत्र, छाया, छंद यांचाही छ शाबूतच आहे, मग छागल तत्सम का नसावी, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. पण तत्सम शब्द पोथीतून येतात, आणि बंपरला दोरी बांधणारा माणूस पोथी उघडून वस्तूचे नाव ठेवत नाही. त्यावर त्यांनी दुसरा बाण काढला: काही घरांत 'छागळ' म्हणतात, तो ळ हिंदीतून कसा आला? इथे मी जरा अडखळलो. माझा तर्क असा की पिशवी सतत ठिबकते, म्हणून मराठी माणसाच्या कानाला त्यात 'गळणे' ऐकू आले आणि ल चा ळ झाला. मास्तर हसले. हसोत बापडे.

पलटणींचा दुवा मला पक्का वाटतो, कारण हा शब्द हिंदी फौजेबरोबर परदेशीही गेला आणि गोऱ्या सोल्जरांनी त्याचे 'चॅगल' केले.

आता अमेरिकेचा दावा. तिकडच्या जुन्या मोटारींचे शौकीन, आठ सिलिंडरांची धिप्पाड इंजिने उन्हात तापू नयेत म्हणून मोठे रेडिएटर आणि जोडपंखे बसवणारे, आपल्या संग्रहात 'डेझर्ट वॉटर बॅग' अभिमानाने टांगतात. १९२६ साली आखलेल्या रूट ६६ वरून वाळवंट ओलांडणाऱ्या गाड्यांच्या पुढे ती लटकलेली असे. आपली छागल ही तिचीच नक्कल, असे मला एकाने ऐकवले. मी म्हणतो, पाझरणाऱ्या कापडात पाणी गार राहते हे कळायला अमेरिका लागत नाही, आपल्या माठाने ते कधीच सांगितले आहे. एक ग्रॅम पाणी हवेत उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता बरोबर नेते. वस्तू दोन्हीकडे स्वतंत्रपणे जन्मली असेल, हे मी कबूल करतो. पण त्यांच्या पिशवीला कुळ नाही, आपल्या पिशवीला बोकड आहे.

तरी एक गोष्ट या सगळ्या शौकिनांनी, मीही, उलटी समजून घेतली होती. छागलीतल्या पाण्याचा गारवा इंजिनासाठी नसतोच. तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतले तर ब्लॉकला किंवा हेडला तडा जातो. काका गाडी सावलीला लावत, बिडी संपेपर्यंत थांबत, मग झाकणावर ओला फडका टाकून ते अर्धा वळसा फिरवत, वाफ फुसफुसून जाऊ देत आणि इंजिन चालू ठेवून धारेने पाणी सोडत. गारवा होता तो त्यांच्या घशासाठी. दमट मुंबईत तर पिशवी धड गारही होत नसे, ती घाटावरच्या कोरड्या वाऱ्यातच कामाला येई.

बोरघाटात थांबायची जागा ठरलेली: शिंग्रोबाचे देऊळ. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा आणि त्यांच्याच हातून मेलेला धनगर, अशी त्याची आख्यायिका. जुन्या रस्त्याने जाणारे ड्रायव्हर तिथे नाणे टाकतात. देवळापाशी थांबण्यामागे श्रद्धा आहेच. पण चढ चढून आलेल्या इंजिनाला निवायला मिळाले नसते, तर ही चाल इतकी रुजली असती का? मला नाही वाटत. शिवाय वाट दाखवणारा धनगर आणि बंपरवर शेळी, हा योग मास्तरांनाही खोडता आलेला नाही.

छागलीला मारले ते स्प्रिंगच्या झाकणाने. आत एक पौंड दाब वाढला की पाणी साधारण दीड अंश उशिरा उकळते; सात पौंडांचे झाकण धड बसले तर खंडाळ्यापर्यंत काळजी नाही. मग कूलंट आले, प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली.

माझी छागल आता खिडकीत टांगली आहे. पहिले दोन दिवस नुसती गळली, मग कापडाचे धागे फुगले आणि पाझर मंदावला. तुमच्या पोटमाळ्यावर अशी एखादी असेल तर टाकू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तिला काय म्हणत: छागल, छागळ, की चुकून कुठे 'सागळ'? हे शेवटचे कोणी म्हणत असेल तर मला जरूर कळवा. माझा सगळा सिद्धांत कोसळेल, आणि मास्तरांना पेढे द्यावे लागतील.