टेलचं पाणी

खरड छाटणी उरकली की वणीत पारावर एकच विषय असतो, पाणी. परवा एक तरुण भाऊ म्हणाला, "शेतकऱ्याच्या हातात कारभार दिला तर भांडणंच होतील." म्हणून आपल्याच दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाची गोष्ट लिहितो.

कोळवण नदीवरचं हे धरण. कालवा खाली ओझरपर्यंत जातो, म्हणजे ओझर टेलला. नकाशात लाभक्षेत्र, शेतात मात्र धुरळा. वरचे रात्री दारं उघडून घ्यायचे, खालच्यांनी सात नंबरचा फॉर्म भरून वाट बघायची. आपल्याकडे हे कोणाला सांगायला नको!

ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी टेलच्याच लोकांना एकत्र केलं. 1990-91 च्या सुमारास तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. पाटबंधारे खात्याशी करार असा की पाणी मोजून घ्यायचं, पैसेही घनमापावर भरायचे. आत कोणाला किती, पाळी कशी, पाटकरी कोण, हे संस्था ठरवणार. कोटा ठरला की पीक कुठलं घ्यायचं ते शेतकऱ्याचं त्याने बघायचं. माझ्या मते खरी कलाटणी इथे आहे. एकरावर पट्टी असली की जास्त पाणी सोडलं तरी खिशाला झळ नाही, मोजून घेतलं की थेंब दिसायला लागतो. कोट्यात बसवायचं म्हणून लोक द्राक्षाकडे, भाजीपाल्याकडे आणि ठिबककडे वळले.

दुसरी हुशारी विहिरींची. कालव्याचं पाणी आठमाही, बागेला तर एप्रिल-मे मध्येही लागतं. मग संस्थांनी नाल्यांवर बंधारे घालून कालव्याचं पाणी जिरवलं, विहिरी भरल्या आणि विहीरवाल्यांकडूनही पट्टी घेतली. जमिनीखालचं पाणीही सगळ्यांचं, हे तेव्हा पटवणं सोपं नव्हतं.

पुढे वरच्या गावांतही संस्था झाल्या, एकूण 24. त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था झाली आणि अख्ख्या कालव्याचा कारभार शेतकऱ्यांकडे आला. 2005 मध्ये सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा राज्यभर लागू झाला, तोवर वाघाडने हे करून दाखवलं होतं.

तसं हे नवीनही नाही. बागलाणात मोसम नदीकाठी आणि पलीकडे पांझऱ्यावर फड पद्धत कितीतरी पिढ्या चालली. बंधारा गावाचा, पाटकरी गावाचा, एका फडात एकच पीक. टंचाई आली की एखादा फड सगळ्यांनी मिळून कोरडा ठेवायचा. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात, त्यामुळे तोटा वाटला जायचा.

सगळं गोड आहे असं नाही. कायदा आल्यावर कागदावर संस्था भरपूर झाल्या, त्यातल्या कितीतरी नुसत्या शिक्क्यापुरत्या राहिल्या. कारण वाघाडला आधी माणसं जमली, नोंदणी मागाहून झाली. आणि आता मोठाल्या शेततळ्यांनी नवीन पेच आणलाय: ज्याच्याकडे प्लास्टिकचा कागद अन् मोटर, त्याचा साठा मोठा. ते पाणी कोट्यात कसं धरायचं?

तुमच्या चारीवर पाणी मोजून मिळतं की तासावर? टेलवाल्यांनी आधी कळवा.