जखडलेल्या कण्यातील भंग : अँडरसन विकृतीच्या निदानाचा इतिहास

अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस या विकाराचा सर्वात जुन्या नोंदींपैकी एक पुरावा म्हणजे एक सांगाडा होय. सतराव्या शतकाच्या अखेरीस बर्नार्ड कॉनर या आयरिश वैद्याने फ्रान्समध्ये पाहिलेल्या सांगाड्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात श्रोणीचे हाड, त्रिकास्थी, कमरेचे ५ व पाठीचे १० मणके, तसेच उजवीकडील ५ आणि डावीकडील ३ बरगड्या मिळून एकच अखंड हाड झाले होते. पुढे रशियात बेख्तेरेव्ह (१८९३), जर्मनीत स्ट्रुंपेल (१८९७) आणि फ्रान्समध्ये पिएर मारी (१८९८) यांनी जिवंत रुग्णांतील हा ताठरपणा वर्णिला. या सर्वांची दृष्टी ‘जोडल्या जाण्यावर’ खिळली होती, आणि ते स्वाभाविकही होते. जोडलेला कणा मोडतो कोठे, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

त्याकडे लक्ष वेधले ते ओले अँडरसन या स्वीडिश क्ष-किरणतज्ज्ञाने. १९३७ मध्ये त्याने या रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांत दोन मणक्यांच्या सांध्यापाशी, चकती व तिच्या लगतच्या अस्थिपृष्ठांत, झालेली झीज नोंदवली. ही विकृती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. तिचे कारण दाह की आघात, याविषयी पुढे बराच काळ मतभेद होता. १९७२ मध्ये कॉली व सहकाऱ्यांनी या विकृतींचे प्रकार पाडले. आज असे मानले जाते की काही विकृती दाहजन्य असतात, तर काही अस्थिभंगातून वा ताणातून उद्भवतात. सर्वत्र जुळलेल्या कण्यात एखादीच चकती मोकळी राहिली, किंवा ठिसूळ झालेल्या हाडाला तडा गेला, की संपूर्ण कण्याची हालचाल त्या एकाच जागी एकवटते. तेथे हाड सांधण्याऐवजी एक खोटा सांधा तयार होतो.

निदानाची किल्ली येथे यंत्रापेक्षा रुग्णाच्या बोलण्यात आहे. मूळ विकाराची वेदना विश्रांतीने वाढते आणि हालचालीने कमी होते. पहाटे जाग आणणारी हीच ती वेदना. अँडरसन विकृतीत हा क्रम उलटतो : उठून उभे राहिले की दुखते, पडून राहिले की बरे वाटते. ज्या रुग्णाची पाठ कित्येक वर्षे दुखायची थांबलेली असते, त्याची तक्रार पुन्हा सुरू झाली, तर ‘जुनाच आजार उसळला’ असे समजणे ही मोठी चूक ठरते.

दुसरी चूक भारतात विशेष संभवते. मणक्यांतील चकतीचा नाश दिसला की येथील वैद्याच्या मनात प्रथम क्षय येतो. आपल्या देशातील क्षयाचे प्रमाण पाहता तो दोषास्पदही नाही. परंतु सीटी स्कॅनमध्ये मणक्याच्या मागील कमानीतून जाणारी भंगरेषा दिसल्यास अँडरसन विकृतीचा पक्ष बळकट होतो, तर शेजारी पू साठलेला असल्यास क्षयाचा. संशय उरल्यास ऊतीचा नमुना तपासूनच निर्णय घ्यावा लागतो. अन्यथा रुग्ण महिनोन्महिने अनावश्यक क्षयविरोधी औषधे घेत राहतो आणि मोडलेला कणा तसाच हलत राहतो.

उपचारात प्रथम कण्याला पट्ट्याचा आधार दिला जातो. वेदना न थांबल्यास, कणा अस्थिर झाल्यास किंवा मज्जातंतूंवर दाब आल्यास स्क्रू व सळ्यांनी भाग स्थिर केला जातो. वाकलेला कणा शस्त्रक्रियेने सरळ करण्याची पद्धत बोस्टनच्या स्मिथ-पीटर्सन यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केली होती. तिचे सुधारित रूप आजही वापरात आहे.

याहूनही दुर्मीळ गुंतागुंत म्हणजे अश्वपुच्छ मज्जातंतूंचा ऱ्हास. मूळ दाह शमल्यानंतर कित्येक वर्षांनी पायांची संवेदना व मूत्रनियंत्रण हळूहळू जाते. १९६१ मध्ये तिच्या स्पष्ट नोंदी आल्या. स्टेरॉईडचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेने लाभ होतो.

अपघाताच्या प्रसंगी तर आणखी सावधगिरी हवी. साध्या घसरण्यानेही असा कणा, बहुधा मानेच्या खालच्या भागात, लांब हाडासारखा मोडतो, आणि साध्या क्ष-किरण चित्रात ते सुटून जाऊ शकते. रुग्णाची मान कायम पुढे झुकलेली असल्यास स्ट्रेचरवर ती सपाट करण्याचा प्रयत्न मेरुरज्जूला इजा करू शकतो. म्हणून डोक्याखाली उशी ठेवून, मान तिच्या नेहमीच्या वाकातच धरून, रुग्णाला हलवावे लागते.